बुटांना लागलेली वाळू

शारजात अल मजाज भागात आमचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर होता. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. दार उघडलं की पाऊल थेट बैठकीच्या गालिच्यावर पडायचं, आणि येणारा प्रत्येक जण बुटांतून थोडी वाळू घेऊन यायचा. एकदा दातांच्या डॉक्टरकडे ताटकळत बसले असताना एका परदेशी मासिकात मला दारालगतच्या छोट्या खोलीचे फोटो दिसले. बसायला बाक, त्याखाली बुटांचे कप्पे, वर खुंट्या. सोबत आलेल्या मुलीने नाव वाचून सांगितलं, "मड रूम." आमच्याकडे चिखल नव्हता, खोलीही नव्हती, पण दाराजवळ चारेक फुटांची मोकळी जागा मात्र होती. तिथे तसंच काहीतरी करून घ्यायचं मी ठरवलं.

घरातल्या सामानाबद्दल माझ्या नवऱ्याला कधी काही मत नसायचं. पडदे कुठल्या रंगाचे आहेत हे त्यांना वर्षभराने कळायचं. ते दुबईत टॉवरच्या बांधकामावर साइट इंजिनिअर होते, घरी यायचे तेच दमून. पण या बाकाच्या बाबतीत ते सुताराशी अर्धा तास बोलत बसले. बुटांच्या कप्प्यांना दारं हवीतच, म्हणाले. मी म्हटलं, बंद कपाटात बुटांना वास येतो, हल्ली सगळे उघडेच कप्पे करतात. मग त्यांनी रंगाचा विषय काढला. वाळूच्याच रंगाचा सनमायका लावू, म्हणजे घाण दिसणार नाही. मला गडद चॉकलेटी हवा होता. घाण दिसली तर पुसता येते, असं माझं म्हणणं.

शेवटी माझ्याच मनासारखं झालं. उघडे कप्पे, प्रत्येकाचा वेगळा. वर मोठ्यांच्या खुंट्या, खाली मुलीच्या दप्तराची, आणि एक जाड खुंटी त्यांच्या पिवळ्या हेल्मेटसाठी. खाली लादीवर गडद रंगाचा ट्रे. सगळं झाल्यावर त्यांनी दारं नसलेल्या कप्प्यांवरून एकदा हात फिरवला आणि ते आत गेले. हा माणूस एवढं काय झाकायला बघत होता, हा विचार मला पहिल्यांदा तेव्हा शिवला.

आठवड्याभरात ट्रेने मला काय ते दाखवलं. मुलीच्या कप्प्याखाली शाळेच्या मैदानातली वाळू. माझ्या चपलांखाली थोडीशी. त्यांच्या बुटांखाली काहीच नाही. एरवी त्यांच्या बुटांना सिमेंटची राखाडी धूळ असायची, ओलं फडकं फिरवलं की तिचा लगदा व्हायचा. आता फडकं स्वच्छ ते स्वच्छच. हेल्मेटच्या आतली पट्टी जून महिन्यात घामाने चिंब असायला हवी. मी बोट लावून पाहिलं, कोरडी होती.

मी कुणाला काही बोलले नाही. पण समोरच्या फ्लॅटमधल्या नाशिकच्या वहिनींनी एके दिवशी सहज सांगितलं की तुमचे मिस्टर काल संध्याकाळी पाच वाजता लगूनपाशी, पाण्याच्या काठावर बसले होते. घरी तर ते नेहमीच्या वेळेला, सात वाजता आले होते, ट्रॅफिकला शिव्या देत. "एकटेच होते हो," वहिनी म्हणाल्या. मी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी तेवढं मुद्दाम सांगितलं, आणि तेच मला जास्त खटकलं.

मग मी रोज बघू लागले. बूट, शर्टाची कॉलर, खिसे. मुलीच्या ते लक्षात आलं. जेवता जेवता ती म्हणाली, "आई, यू चेक बाबाज शूज एव्हरी डे. व्हाय?" त्यांचा घास हातातच राहिला. मी म्हटलं, अगं, हल्ली बाबांचे बूट फार स्वच्छ असतात, साइट धुऊन काढलेली दिसते. ते हसले. म्हणाले, सध्या फिनिशिंग चालू आहे, धूळ कमीच असते.

दुसऱ्या दिवशी त्यांचे बूट वाळूने भरलेले आले. ट्रेमध्ये छोटासा ढीग झाला. पण ती पिवळी वाळू होती. सिमेंटचा कणही नव्हता.

त्यानंतर मुलगी ट्यूशनला गेली की मी बाल्कनीत जाऊन उभी राहायची. आमच्या इमारतीमागे मोकळा वाळूचा प्लॉट होता, लोक तिथे गाड्या लावायचे. तिसऱ्या दिवशी त्यांची गाडी आली. ते उतरले, हेल्मेट बॉनेटवर ठेवलं, इकडेतिकडे पाहिलं. मग गाडीच्या आडोशाला उभे राहून एक एक बूट वाळूत घासू लागले. टाच, मग चवडा. एकदा वाकून हाताने थोडी वाळू बुटावर टाकली. मग हेल्मेट उचलून ते इमारतीकडे चालू लागले.

ते वर येईपर्यंत मी बाकावर जाऊन बसले. दार उघडून त्यांनी मला पाहिलं आणि तसेच उंबऱ्यात थांबले.

"खाली वाळूत पाय कशाला घासत होता?" मी विचारलं.

त्यांनी आत येऊन दार लोटलं. मग माझ्या शेजारी बसले, बूट न काढताच.

"मी साइटवर जात नाही," ते म्हणाले. "फेब्रुवारीपासून अल क्वोजला कंपनीच्या गोदामात असतो. स्टोअर बघतो."

"का?"

"मला उंचावर चक्कर येते."

अठराव्या मजल्यावर स्लॅबच्या कडेला उभे असताना एकाएकी त्यांचे पाय जागच्या जागी खिळले होते. डोळे मिटून ते खाली बसले आणि दोन मजुरांनी त्यांना काखेत धरून जिन्याकडे नेलं. दोनदा असं झाल्यावर त्यांनी स्वतःच मॅनेजरला सांगून बदली मागून घेतली होती. गोदाम साडेचारला सुटायचं. उरलेला वेळ ते लगूनवर काढायचे. शुक्रवारी त्यांचे दुसऱ्या कंपन्यांच्या साइटवरचे मित्र घरी यायचे, वहिनींसारखे शेजारी यायचे, सगळ्यांसमोर ते चकचकीत बूट नकोत, म्हणून कप्प्यांना दारं हवी होती, आणि वाळू आहे की नाही ते कळू नये म्हणून वाळूचाच रंग. आणि मला सांगितलं असतं तर ते गावी त्यांच्या भावांपर्यंत गेलं असतं, असं त्यांना वाटत होतं.

ते कित्येक महिन्यांत आमच्या बाल्कनीत आले नव्हते, हे मला तिथे बसल्या बसल्या आठवलं. वाळत घातलेला टॉवेलसुद्धा ते माझ्याकडूनच मागून घ्यायचे. तरीही माझा पुरता विश्वास बसेना. तोवर मी मनात दुसऱ्याच एका बाईचं घरसुद्धा उभं केलं होतं, ते असं एका वाक्यात पडणार नव्हतं.

"मला ते गोदाम बघायचंय," मी म्हटलं.

गुरुवारी त्यांचा अर्धा दिवस असायचा. दुपारी ते मला घेऊन गेले. पत्र्याची लांब शेड, फरशांची खोकी, दारांच्या मुठी, नळ. वॉचमनने सलाम करून फाटक उघडलं. कोपऱ्यात त्यांचं टेबल, मागे पंखा, खुर्चीवर मी तीन वर्षांपूर्वी शिवलेली उशी, जी हरवली असं मी धरून चालले होते. मी सगळं फिरून पाहिलं, मागची खोलीसुद्धा. ते दारात उभे राहून वाट बघत होते. रागावले नव्हते.

पुढच्या वर्षी आम्ही पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गेलो. लोकांना मी सांगितलं की मला लिफ्टचा कंटाळा आला. त्यांच्या कंपनीला दुमजली व्हिलांची, म्हणजे बंगल्यांची, कामं मिळाली आणि दोन मजल्यांपुरते ते पुन्हा साइटवर जाऊ लागले. भावांना त्यातलं काहीच कळलं नाही. मी मात्र त्यानंतर कितीतरी वर्षं, आठवड्यातून एकदा तरी, काहीतरी निमित्त काढून त्यांच्या ऑफिसला फोन करायची. ऑपरेटर मला आवाजावरून ओळखायला लागली होती. "साइटवरच आहेत, मॅडम," ती मी विचारायच्या आधीच सांगायची, आणि मी कोणती साइट, ते विचारून घ्यायची.