टेपवर कमलचा आवाज

मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. गूढ अनुभवांच्या या सदरातले किस्से मी जेवणानंतर सुपारी कातरत वाचते, आणि सांगणाऱ्याची चूक कुठे झाली ते शोधते. बहुतेक वेळा सापडते. आमच्या घरात देवच नव्हते, तर भूत कुठून येणार? वडील — आम्ही त्यांना आबा म्हणायचो — शाळेत गुरुजी. धम्म घेतला तेव्हा त्यांनी देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हातानं नदीत सोडले. त्यानंतर आमच्याकडे नारळ फुटला तो फक्त चटणीसाठी.

गाव आखाडा बाळापूर. हिंगोली जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आम्ही परभणीत मोडायचो. साल सत्तरीतलं, मोठा दुष्काळ सरल्यानंतरचं.

मी सातवीत, वर्गात पहिली. वाचनालयातली गोष्टीची सगळी पुस्तकं संपवून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलेली. माझ्या पाठची बहीण कमल तिसरीत. तिला पाढे येत नव्हते, आणि नाक बारा महिने गळायचं. पण तिला समोरच्याच्या मनातलं कळायचं.

हे वाक्य लिहून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले... पण दुसरं कसं लिहू? मामा यायचा, चटईवर टेकायचा, पाणी पिऊन पीकपाण्याचं काढायचा, आणि कमल आतून म्हणायची, “माय, मामाला आबाची सायकल पाहिजे.” मामाला ठसका लागायचा. हळूहळू आमच्याकडे पाहुणे येईनासे झाले. मायला त्याचं वाईट वाटायचं. मला नाही.

गल्लीतल्या बाया मात्र हळद-कुंकू घेऊन आल्या. गुरुजींच्या पोरीत देवी आली म्हणे. आबांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. “आमच्या घरात कोणाच्या अंगात येत न्हाई. लेकराला कळतं, तर त्याचं काही कारण असंल. सायन्स सांगंल कधीतरी.”

आणि एक दिवस सायन्स जीपमध्ये बसून आलं.

पुढे साहेबांची जीप, मागे तहसीलदारांची, त्यामागे धूळ आणि अर्धं गाव. साहेब दिल्लीच्या कुठल्याशा खात्याचे. खातं कोणतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायची तहसीलदारांची छाती झाली नाही, त्यांनी नुसती मान डोलावली. साहेब हिंदीत म्हणाले, देशाला अशा मुलांची गरज आहे. शत्रूच्या मनात काय चाललंय ते घरबसल्या कळलं पाहिजे. मुलगी पास झाली तर दिल्लीला नेऊ. राहणं, शाळा, कपडे — सगळं सरकारी.

“लेकराला नेऊन काय करतील, कोणाला ठावं?” माय म्हणाली.

“ही काय जत्रा हाय का? सरकार हाय. विज्ञान हाय,” आबा म्हणाले.

हळदी-कुंकवाला बंद झालेलं दार जीपला सताड उघडलं. माझ्या मनात एवढंच होतं — हिला दिल्ली? हिला धड परभणी लिहिता येत नाही.

परीक्षा सरकारी विश्रामगृहात. कमलला साहेबांनी लेसचा फ्रॉक आणि निळ्या चपला दिल्या. चपला वाजवत ती व्हरांड्यातून उगाच दोनदा फिरून आली. टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवला. साहेबांच्या हाताखालच्या माणसानं त्याला हळद-कुंकू वाहिलं आणि पायरीवर नारळ फोडला. मी आबांकडे पाहिलं. ते छताचा पंखा बघत होते.

मग साहेबांच्या लक्षात आलं, की चित्राची कार्डं बघायला कोणीतरी लागेल. “ये बडी लडकी चलेगी,” ते म्हणाले. माझी निवड झाली ती अशी. मला आतल्या खोलीत बसवून दार लावलं. तो नारळवाला माझ्यासमोर एकेक कार्ड धरणार — गोल, चौकोन, चांदणी, लाटा. मी मनात तेच आणायचं. मग तो घंटी वाजवणार आणि बाहेर कमल सांगणार.

सुरुवात मी प्रामाणिकपणे केली. चांदणी... चांदणी... पण चांदणीवरून मला ती लेस आठवली, आणि पुढे मन माझं ऐकेना.

दुपार कलली तेव्हा दार उघडलं. साहेबांचं तोंड कडवट झालं होतं. “कुछ नहीं है. बच्ची बकवास करती है.” तहसीलदारांची खात्री पटावी म्हणून त्यांनी टेप मागे फिरवून लावली. आधी घंटी, मग कमलचा आवाज.

“फ्रॉकला लेस हाय.”

घंटी. “निळ्या चपला. माझ्या पायात काहून न्हाईत?”

घंटी. “हिला पाढे येत न्हाईत.”

घंटी. “माझा पहिला नंबर येतो. मला न्या.”

“हिचा पहिला नंबर म्हणे,” तहसीलदार हसले.

ते सगळं माझं होतं. शब्द माझे, क्रम माझा, आवाज फक्त तिचा. मी ओठ हलवला नव्हता. हलवला असता तर समोर बसलेल्या माणसानं पाहिलं असतं.

मी उठून म्हणाले, “साहेब, उसका बराबर है. मैं येइच सोच रही थी.”

बहिणीच्या मायेनं म्हणाले असं कोणी समजू नये. ती पास झाली तर मीही पास, हे मला तेवढ्यात कळलं होतं. कार्ड बघणारीशिवाय सांगणारी काय कामाची?

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या फ्रॉकच्या ठिगळाकडे. “इसको भी दिल्ली जाना है,” ते म्हणाले. सगळे हसले.

आबा तेवढे हसले नाहीत, पण त्यांचा चेहरा उजळला होता. “आबा, खरंच सांगते—” मी म्हणाले.

“आता पुरे. चला घरी.”

त्यानंतर त्यांनी गावभर सांगितलं, सरकारनं मशीन लावून तपासलं, काही निघालं न्हाई. बाया पुन्हा फिरकल्या नाहीत. फ्रॉक आणि चपला सरकारी सामान म्हणून जीपमधून परत गेल्या. कमल अनवाणी घरी आली. मला बरं वाटलं.

कमलनं पुन्हा कधी कोणाच्या मनातलं सांगितलं नाही. मामा सायकल मागायला येऊ लागला. आता ती नांदेडला मुलाकडे असते. मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडे आली, तेव्हा चहाला बसलो असताना मी विचारलंच.

“कार्डं दिसत न्हवती का गं तुला?”

“दिसत होती की. बारीक-बारीक.” ती बशीत चहा ओतत होती. “पण अक्का, तू इतक्या जोरात जळून राहिली होतीस, त्याच्यापुढं चांदणीचं काय चालतं?”

आम्ही दोघी हसलो. मग मी म्हणाले, “दिसत होती तर सांगायचं. गेली असतीस दिल्लीला.”

“च्या गार होऊन राहिला तुझा,” ती म्हणाली.

माझ्या डॉक्टर भाच्याच्या मते हा योगायोग आहे. असेल. एकामागोमाग एक इतके योगायोग मी दुसऱ्या कोणाच्या अनुभवात वाचले असते, तर सुपारी बाजूला ठेवून हसले असते. तिच्या त्या देणगीचा हेवा वाटतो का, असं कोणी विचारलं तर — वाटतो, आणि त्या चहाच्या दिवशी तर फारच वाटला. माझ्या मनातलं तिला बंद दारातून ऐकू आलं होतं. ती माझ्यापासून हातभरावर बसून बशीत फुंकर मारत होती, आणि तिला दिल्लीला जायचं होतं का, हे मला तिच्या तोंडाकडे बघून काही केल्या कळेना.