शिळी खबर

राहेलआक्का गेल्याचं मला बेळगावात मोटारस्टँडवर कळलं. निपाणीहून आलेल्या, कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून आमच्या आळीतला शंकर उतरला आणि तोंडावरची काजळी पुसत म्हणाला, "आक्का गेली रं. बोरगावातच माती झाली." त्यानंतरच्या रविवारी मी तिथल्या चर्चमध्ये उपासनेला गेलो, तर निपाणीहून पाहुणे म्हणून आलेले दानीएलमास्तर प्रार्थनेला उभे. मिशन शाळेचे हेडमास्तर आणि आमच्या निपाणीच्या मंडळीचे थोरले पंच. डोळे मिटून, आवाज थरथरवत ते म्हणाले, "हे दयाळू बापा, तुझी वृद्ध दासी राहेल आजारी आहे, तिला अंथरुणावरून उठव…" सगळ्यांनी आमेन म्हटलं. मास्तरांनी रुमालाने डोळे टिपले. पुरलेल्या बाईला अंथरुणावरून उठवायची विनंती करून झाली होती, आणि ती फार सुंदर झाली, असं दोघंतिघं बाहेर येताना बोललेही.

मी दारात मास्तरांना गाठून सांगितलं. ते म्हणाले, "असं? आम्हांला कुणी कळवलं नाही. बरं, पुढच्या रविवारी निपाणीत सांत्वनाची प्रार्थना ठेवू."

मी लिहिणारा नव्हे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच, आणि वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापण्याजोगं मराठी मला येतं की नाही, याची मला खात्री नाही. पण सांत्वनाच्या त्या प्रार्थनेत आक्काचं जे काही झालं, ते ऐकून गप्प बसवेना. मास्तर प्रार्थना करू लागले की देवाला जिल्ह्याचा भूगोल शिकवतात. त्यात आक्का म्हणजे 'सीमेवरची एक पणती' झाली. ती कशी होती, हे कुणी सांगितलंच नाही.

ती माझ्या वडिलांची चुलतबहीण. मिशनची बायबलबाई, म्हणजे घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवणं हे तिचं पगारी काम. मिशनच्या आवारात तिला एक खोली होती. पहाटे ती खोलीच्या उंबऱ्यावर डोक्यावर पदर घेऊन बसायची आणि आळीतल्या एकेकाचं नाव घेऊन मोठ्यानं प्रार्थना करायची. तंबाखूच्या वखारीत जाणाऱ्या बाया समोरून जात. प्रार्थना करता करता आक्का एखाद्या नावाशी अडायची, डोळे उघडायची आणि हाक मारायची, "गंगू, सासूचं पोट कसं हाय गं?" गंगू म्हणायची, "रातीपासनं बरं हाय." मग आक्का पुन्हा डोळे मिटून पुढे चालू. बाया हसायच्या, "देवाला थांबवून गप्पा हाणती बघ!" आक्का म्हणायची, "कालची खबर आज सांगू व्हय त्याला? शिळं कशाला वाढायचं?" ज्याची खबर मिळाली नाही, त्याच्या घरी ती दुपारी चालत जायची. माझे वडील म्हणत, "आक्काची प्रार्थना म्हंजे नुसती पायपीट."

आमच्या मंडळीत दोन पक्ष होते. एक गुडघ्यांवरून न उठणाऱ्यांचा. दुसरा औषधाच्या बाटल्या घेऊन धावणाऱ्यांचा. रोग्याचं नाव विचारायलाही त्यांना सवड नसे. दोघे एकमेकांना हसत आणि दोघेही आक्काला हसत. आक्काला ही वाटणीच कळत नसे.

मग सुसन्नाचं प्रकरण झालं. आमच्याच मंडळीतली ही मुलगी चर्चमध्ये लग्न न लावता एका गाडीवानाबरोबर बोरगावला राहायला गेली. पंचांनी तिला प्रभुभोजनाच्या विधीतून काढलं, तिच्या दारात कुणी जायचं नाही असं ठरवलं, आणि दर बुधवारी तिच्यासाठी प्रार्थना सुरू केली. पुढे गाडीवान तिला टाकून गेला. प्रार्थना चालूच. 'हे मेंढपाळा, हरवलेलं मेंढरू शोधून आण…' आक्का पहाटे तिच्या नावाशी रोज अडत होती. एका बुधवारी ती मधेच उठली.

"मास्तर, मेंढरू बोरगावात हाय. देवाला ठावं हाय ते. रस्ता तुमास्नी ठावा न्हाय."

"राहेलबाई, ही प्रार्थनेची वेळ आहे."

"व्हय, म्हणूनच निघाले," आक्का म्हणाली आणि निघाली.

सुसन्ना तापाने फणफणत एकटी पडली होती. आक्काने तिला पेज पाजली, बरं केलं, आणि मग ती जातच राहिली. पंचांची बैठक बसली. बोरगावला जाणं थांबवा, नाहीतर नोकरी आणि खोली सोडा. "तिच्यासाठी प्रार्थना करायला आमची मुळीच ना नाही," असंही मास्तर म्हणाले. आक्का म्हणाली, "तोंड बघितल्याबिगर मागू काय तिच्यासाठी?" त्याच आठवड्यात तिने खोली सोडली. उतारवयात ती सुसन्नाच्या घरी विड्या वळून राहिली आणि तिथेच गेली. त्या दारात कुणी जायचं नाही हा ठराव अजून कायम आहे. मंडळीला खबर कुठून लागणार?

काही आठवड्यांनी मी बोरगावला गेलो. सुसन्नाने गूळ-पाणी दिलं आणि विचारलं, "मास्तरांचा पाय कसा हाय आता?"

मला कळेना कोणते मास्तर.

"दानीएलमास्तर रं. जखम हाय न्हवं पायाला? आक्का रोज नाव घ्यायची त्यांचं. बाजारात निपाणीचं कोण भेटलं की पैलं तेच इचारायची. आता मी घेते. पर लई दिस झालं, खबर न्हाय. तू बघून ये की."

मास्तरांच्या प्रार्थनेची नक्कल मी वसतिगृहात करून दाखवतो. त्यांच्या पायाला जखम आहे, हे मला माहीत नव्हतं. बेळगावात त्या रविवारी ते एका पायावर भार देऊन उभे होते का… मला आठवेना.

निपाणीला मास्तरांच्या घरी गेलो. ते पाय स्टुलावर ठेवून बसले होते. माझ्या अभ्यासासाठी त्यांनी लांबलचक प्रार्थना केली, तीत माझ्या वडिलांचं नाव चुकीचं घेतलं, आणि बोरगावविषयी एक अक्षरही विचारलं नाही. मी त्यांच्या बायकोला पट्टी सोडून दाखवायला सांगितलं. तिने चकित होऊन दाखवली.

त्या रात्री निपाणीतच घरी थांबून मी उत्तररात्री निघालो आणि पहाटे चालत बोरगावला पोहोचलो. सुसन्ना उंबऱ्यावर पदर घेऊन बसली होती. मी म्हटलं, "सूज उतरलीय. जखमेच्या कडा सुकल्यात. रात्री मात्र पाय ठणकतो."

"बरं झालं आलास," ती म्हणाली आणि जराशी सरकली. मी शेजारी बसलो. मास्तरांविषयी मला अजूनही चांगलं काही वाटत नाही, आणि वाटतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण त्या पहाटे सुसन्ना त्यांच्या नावाशी अडली नाही.