हेमू-सानचा डेडबॉल

हेमचंद्र खांबेटे कुणाच्या अंगावर धावून गेला, असं सांगितलं तर त्याची सख्खी आईसुद्धा हसेल. इथे जपानात, ओजिमाच्या आमच्या वसाहतीत तो चौथ्या मजल्यावर राहतो आणि मी सातव्या. लिफ्टमध्ये कुणी शिरलं की हा आधी भिंतीला चिकटतो, मग मान लववतो आणि वर मलाच विचारतो, "अनुराधाताई, जागा पुरतेय ना?" तरीही गेल्या ऑक्टोबरात, रविवारी सकाळी साडेदहाला, अराकावा नदीकाठच्या मैदानावर तीसएक मोठी माणसं एकमेकांच्या कॉलरी धरून मातीत लोळली, ती याच माणसामुळे. मी तिथेच चटईवर बसले होते, हातात थालीपीठ घेऊन.

हेमचंद्र पुण्याच्या एका कंपनीतर्फे इथल्या एका मोठ्या जपानी कंपनीत काम करतो. दर वर्षी त्याचा करार वाढवायचा की नाही हे ठरवतात नागासे-सान, म्हणजे नागासेसाहेब. हे तिथले विभागप्रमुख, वय अठ्ठावन्न, बोलणं मोजून-मापून. या वर्षी मुदतवाढीचा कागद त्यांच्या टेबलावर पडून होता आणि त्यावर हेमचंद्रपेक्षा त्याच्या बायकोचं जास्त अवलंबून होतं. स्वरूपा तीन वर्षं एका पाळणाघरात मदतनीस होती. मुलांची नाकं पुसता पुसता तिने जपानी शिकून घेतलं, शिक्षिकेची परीक्षा दिली, नापास झाली, पुन्हा दिली आणि पास झाली. एप्रिलपासून तिला स्वतःचा वर्ग मिळणार होता. पण तिचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला. त्याचा करार संपला की तिचा वर्गही संपला.

आता मॅच. दर शरद ऋतूत नागासे-सानांची कंपनी एका बाजूला आणि तिला माणसं पुरवणाऱ्या कंपन्या दुसऱ्या बाजूला, असा बेसबॉलचा सामना होतो. हेमचंद्र पुण्यात क्लबकडून मध्यमगती गोलंदाजी करायचा, हे कुणाला तरी कळलं आणि त्याला पिचर करून टाकलं. सहा महिने तो बिचारा सराव करत होता. त्याची खरी अडचण हात वाकवण्याची होती. ज्याला लहानपणापासून कोपर वाकलं की नो-बॉल असं शिकवलंय, त्याला एकदम वाकवून फेक म्हटलं तर चेंडू जाणार कुठे? कुठेही जायचा. एकदा तर मागच्या सायकल स्टँडवर गेला.

तिसऱ्या डावात नागासे-सान बॅट घेऊन उभे राहिले आणि हेमचंद्रचा चेंडू सरळ त्यांच्या कोपरावर बसला. आवाज मला चटईपर्यंत ऐकू आला. याला इथे डेडबॉल म्हणतात. आपल्याकडे डेडबॉल म्हणजे खेळ थांबला, एवढंच. इथे डेडबॉल म्हणजे माणसाला चेंडू लागला, आणि लागला की पिचरने काय करायचं हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. जागेवरून हलायचं नाही. टोपी काढायची, वाकायचं, गप्प उभं राहायचं.

हे हेमचंद्रला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने आयुष्यभर केलं तेच केलं. फलंदाजाला चेंडू लागला की बॉलर त्याच्याकडे जातो, विचारपूस करतो, ही आपली रीत. तो टोपीसकट धावत सुटला. बेसबॉलमध्ये पिचर फलंदाजाकडे धावला तर त्याचा अर्थ एकच होतो, हा मारायला आला. तेवढंही कदाचित निभावलं असतं. पण घाबरल्यावर याचं जपानी पार पळून गेलं आणि हा धावता धावता मराठीत ओरडायला लागला, "बघा! हात हलतोय का बघा! बघा, बघा!"

जपानीत 'बाका' म्हणजे मूर्ख.

माझ्या शेजारी स्वरूपाला टेकून बसलेली खांबेट्यांची नऊ वर्षांची मैथिली किंचाळलीच. "आई, बाबा बाका म्हणतायत! याबाई, याबाई!" याबाई म्हणजे आता मेलो. आणि तिने तोंड चटईत खुपसलं. या पोरीने बापाला स्टेशनवर, दुकानात हजारदा बजावलं होतं की बाहेर तो शब्द नको.

मग जे झालं ते त्या मैदानाच्या इतिहासात कधी झालं नव्हतं, असं अंपायर नंतर दोनदा म्हणाला. समोरच्या बाकावरून एक जण उठला. एक उठला की सगळ्यांनी उठायचं, बसून राहणारा फितूर, हाही या खेळातला नियम. मग आमच्या बाकावरचेही उठले. पन्नाशीच्या त्या ऑफिसच्या माणसांना मारामारी येत कुठे होती! एकाने आधी चष्मा काढून डबीत ठेवला आणि मग उडी घेतली. एक जण प्रत्येकाला ढकलताना 'सुमिमासेन', माफ करा, म्हणत होता. चहाच्या बाटल्यांचं खोकं उलटलं, दोन शर्ट फाटले, कुणाचा तरी दात हलला. आणि या सगळ्याच्या मधोमध आमचा हेमचंद्र, एकालाही हात न लावता, नागासे-सानांच्या कोपराकडे बोट दाखवून अजूनही ओरडतोय, बघा, बघा. हसू नका. त्या वेळी मला रडू येत होतं.

सोमवारी नागासे-सान ऑफिसला आले नाहीत. मंगळवारीही नाहीत. ऑफिसात हेमचंद्रला कुणी एका शब्दाने बोललं नाही, आणि जपानी ऑफिसात कुणी काही बोलत नाही म्हणजे काय, हे मला अकरा वर्षांच्या नोकरीने शिकवलंय. पुण्याहून मॅनेजरचा फोन आला. "हेमू, एक्स्टेन्शनचं काय झालं? त्यांच्याकडून रिप्लाय नाही." हेमचंद्रने तीन दिवसांत धड जेवण केलं नाही.

बुधवारी मी त्याला घेऊन मिठाई आणायला गेले. माफी मागायला जाताना इथे खोकं न्यावं लागतं आणि ते जड असावं लागतं. हलकी बिस्किटं नेली तर अपराधही हलका मानल्यासारखा दिसतो. आम्ही योकानच्या विटा घेतल्या, घट्ट गोड पेठ्यासारख्या.

"आणि हे बघ," मी त्याला दम दिला, "एक अक्षर स्पष्टीकरण द्यायचं नाहीस. इथे त्याला सबब म्हणतात. वाकायचं, खोकं द्यायचं, निघायचं."

"पण ताई, मी त्यांना मूर्ख म्हणालोच नाही!"

"तरी वाकायचं."

"अहो, पण उलट मी—"

"हेमचंद्र, तू पुण्याचा आहेस हे एक दिवस विसर."

तो गप्प बसला. बसला म्हणजे माझ्यासमोर बसला.

गुरुवारी नागासे-सान हात गळ्यात बांधून आले. हेमचंद्र त्यांच्यासोबत मीटिंग रूममध्ये गेला, कमरेत वाकला आणि वाकलेलाच राहिला. नागासे-सान म्हणाले, "हाड शाबूत आहे. उठा." मग म्हणाले, "एकच विचारायचं होतं. मी तुमचं काय बिघडवलं होतं?"

हा प्रश्न ऐकून त्याचा बांध फुटला. पुढची वीस मिनिटं खांबेट्यांनी मोडक्यातोडक्या जपानीत स्पष्टीकरण दिलं. क्रिकेटचं दिलं, विचारपुशीच्या रीतीचं दिलं, शेवटी व्हाइटबोर्डवर दोन शब्द लिहिले. 'बघ' हा बरोबरीच्या माणसासाठी आणि 'बघा' हा मोठ्यांसाठी. तुम्ही वयाने मोठे, म्हणून मी 'बघा' म्हणालो.

नागासे-सानांनी दोन्ही शब्दांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे तुम्ही माझ्याशी आदरार्थी बोलत होतात?"

"हो."

"घाबरून धावतानासुद्धा?"

"हो."

"एकेरीत ओरडला असतात तर?"

"तर काहीच झालं नसतं."

तो मोजून-मापून बोलणारा माणूस खुर्चीत मागे रेलून इतका हसला की बाहेरून दोघे जण दार उघडून पाहून गेले. डोळे पुसत त्याने झोळीतून हात काढला, बाही वर सरकवली, वांग्याच्या रंगाचं कोपर हेमचंद्रपुढे धरलं आणि म्हणाला, "बघा."

निघताना त्यांनी करारावर काल, म्हणजे बुधवारीच, घरी कागद मागवून सही केल्याचं सांगितलं. "काम वेगळं, बेसबॉल वेगळा." म्हणजे हा माणूस आपल्याला मूर्ख म्हणाला असं समजूनसुद्धा त्यांनी सही केली होती. माझा सल्ला पाण्यात गेल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

संध्याकाळी खांबेट्यांकडे चहाला बोलावणं आलं. हेमचंद्रने सगळं साभिनय सांगितलं. मैथिलीने 'मोऽ बाबा!', म्हणजे 'काय हे बाबा!', म्हणून कपाळावर हात मारला. स्वरूपा मात्र ऐकता ऐकता उठली, आतून एक पांढरा लिफाफा घेऊन आली आणि टेबलावर ठेवला. पाळणाघराला लिहिलेला राजीनामा होता तो, हाताने, शाईने, एकही खाडाखोड नसलेला. खाली तारीख सोमवारची. सोमवारपासून रोज रात्री हीच बाई नवऱ्याला सांगत होती, "काही होणार नाही रे, झोप तू."

हेमचंद्रला त्यातली निम्मी अक्षरं वाचता आली नसतील. तारीख वाचता आली.

"चार वेळा लिहिला तेव्हा नीट आला," स्वरूपा म्हणाली. ती हसत होती. "आता हा कुठल्या कचऱ्यात टाकायचा ते सांग, जळणाऱ्या की न जळणाऱ्या?"

"जळणाऱ्या," हेमचंद्र म्हणाला. त्याने तो कागद उचलला, फाडला, ते तुकडे पुन्हा फाडले आणि तिचा हात धरून तसाच बसून राहिला.