नळावरची मजूर बाई

भिलाईत कारखाना उभा राहत होता, तेव्हा मला तिसरा महिना होता. एका सकाळी रक्ताचा डाग दिसला. घाबरून मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. नळावर घमेलं धुणारी एक मजूर बाई रोज दिसायची, कधी कोणाशी बोलायची नाही. त्या दिवशी मात्र ती माझ्याकडे एकटक पाहत राहिली.

"डाग वाढून राह्यला का? पोटात कळ हाय का?"

माझ्या अंगावर काटा आला. "नाही."

"मंग बहुतेक काही होत नाही. पण दवाखान्यात आजच जाय. म्या उद्यावर टाकलं होतं."

डॉक्टरीणबाईंनीही तेच विचारलं, तपासलं आणि धीर दिला.

पुढे तान्ही लेक दाखवायला मी नळावर गेले. तिने बाळाकडे पाहिलंच नाही. स्वतःचं सपाट पोट थोपटत ती कुजबुजली, "हळू बोल. आत्ताच झोपला."