टाइपवाल्या ताईंची हरकत

नगरपालिकेच्या पायऱ्यांखाली माझं झेरॉक्सचं मशीन आणि त्याला खेटून ताईंचं टेबल. बावीस वर्षं ताई तिथे बसून लोकांचे अर्ज टाइप करतात. नळाला पाणी नाही, गटार तुंबलंय, रस्त्यावरचा दिवा गेलाय. 'महोदय' आणि 'आपला विश्वासू' यांच्यामध्ये त्या कुणाचंही रडगाणं अर्ध्या पानात बसवतात. सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली मारतात आणि म्हणतात, "इथे सही." मात्र चार माणसांत स्वतः बोलायचं म्हटलं की त्यांची बोबडी वळते. दुकानदाराने नासकं दूध दिलं तरी गुपचूप घरी घेऊन जातील. मी चिडवायचो, "ताई, त्याच्याविरुद्ध एक अर्ज टाइप करा की."

या वेळी चिडवायची सोय नव्हती. आमच्या भागातला सरकारी दवाखाना चार किलोमीटरवरच्या नव्या इमारतीत हलवणार, अशी नोटीस लागली. शुक्रवारपर्यंत लेखी हरकत देणाऱ्यालाच सुनावणीत बोलता येणार होतं. ताईंच्या आईच्या पायाला साखरेच्या आजाराने जखम झालेली. एक अंगठा आधीच कापलाय. रोज सकाळी दहाला ताई तिला धरून धरून दवाखान्यात नेतात, पट्टी बदलून आणतात. डॉक्टरांनी बजावलंय, यात खंड पडला तर पाय वाचणार नाही.

आठवडाभरात ताईंनी लोकांच्या एक्केचाळीस हरकती टाइप केल्या. शुक्रवारी खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं असताना बेचाळिसावी, स्वतःची. तिच्या तीन प्रती मीच काढल्या आणि धावत जाऊन आत दिल्या.

सोमवारी सुनावणीला सभागृहाशी पोहोचलो तर दारावरच्या यादीत ताईंचं नावच नाही. त्यांनी यादीवरून तीनदा बोट फिरवलं. मी कारकुनाला गाठलं. त्याने गठ्ठ्यातून अर्ज उपसला.

"सही कुठाय बाई? बिनसहीचा अर्ज धरत नाहीत."

खाली पेन्सिलीची नीटनेटकी फुली होती, बाकी जागा कोरी. बावीस वर्षांच्या सवयीने ताईंनी फुली मारली आणि कागद पुढे सरकवला. मी तरी काय दिवे लावले? तीन प्रती काढल्या, एकीतही मला दिसलं नाही. स्वतःचाच असा राग आला म्हणता!

"आता करते ना सही," ताई म्हणाल्या.

"मुदत संपली बाई. बसा मागे."

नावं पुकारली जाऊ लागली. लोक उठत, दोन वाक्यं बोलत, बसत. सुनावणी घेणारे साहेब मान डोलवत आणि घड्याळ बघत. ताई पिशवीचा बंद पिळत होत्या. भाजीवाल्या काकूंचं नाव आलं. काकू उठल्या आणि त्यांची दातखीळच बसली.

"मला नाही जमायचं साहेब," त्या कशाबशा म्हणाल्या. "अर्ज हिने लिहिलाय, हीच वाचेल."

साहेबांनी हातानेच खूण करून वाचायला सांगितलं. ताई उभ्या राहिल्या. काकूंच्या गुडघ्यांबद्दलच्या दोन ओळी त्यांनी इतक्या बारीक आवाजात वाचल्या की मागून कुणीतरी "मोठ्याने!" म्हणून ओरडलं. ताई थांबल्या. मला वाटलं, संपलं सगळं. त्यांनी कागद खाली ठेवला.

"माझी आई शंभर पावलं चालते. मग बसते. मग पुन्हा शंभर."

"हे या अर्जात आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही. माझ्या अर्जात होतं, तो तुम्ही धरला नाहीत." त्यांचा आवाज चिरकला. "आत्ताच्या दवाखान्यापर्यंत ती चार वेळा बसते. तिकडे बससुद्धा जात नाही. तिथपर्यंत ती किती वेळा बसेल, ते तुम्हीच मोजा साहेब. मला मोजवत नाही. तिचा पाय जाईल हो!"

साहेबांनी पहिल्यांदाच काहीतरी लिहून घेतलं. म्हणाले, "निर्णय पंधरा दिवसांत कळवू." आणि पुढचं नाव पुकारायला सांगितलं.

बाहेर येताच ताई पायरीवर मटकन बसल्या.

"काय बोललात ताई! साहेब बघतच राहिले," मी म्हणालो.

"बोलून काय झालं? पंधरा दिवस जीव टांगणीला. आईला आता काय सांगू? दाराकडे डोळे लावून बसली असेल ती."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

"उद्या दहाला न्यायचंय ना तिला?"

"हो."

"मग तेवढंच सांगा. उद्या दवाखाना आहे."

त्यांनी मान हलवली. सोळाव्या दिवसाचं त्यांनी विचारलं नाही. पिशवी उचलून त्या घराकडे निघाल्या.