जीवराम कंडक्टरची डबल बेल

जीवराम कंडक्टरने बत्तीस वर्षं धुळे-शिरपूर गाडीवर काढली. उभ्या माणसाला जागा मिळाल्याशिवाय आपण बसायचं नाही, ही त्याची खोड. पुढे अल्झायमरने पोराचं नाव नेलं, घरचा रस्ता नेला, खोड तेवढी ठेवली. मग नरडाण्याच्या त्याच्या घरात माणसं दिसायला लागली, फक्त त्याला. जेवायच्या वेळी तर पाय ठेवायला जागा नसायची.

"लोके उभा शेतस, मी कसा बसू?" तो म्हणायचा. ताट गार व्हायचं.

बायकोने, कमलबाईने, आधी समजावलं, मग भांडून पाहिलं. घरात कोणी नाही म्हटलं की तो पिसाळायचा. शेवटी तिने लोट्यावर एकदा चमचा वाजवला. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, एवढं कंडक्टरच्या बायकोला कोणी शिकवायला नको.

"नरडाणं उनं. बठ्ठा उतरा."

जीवरामने दाराकडे पाहत सगळे उतरेपर्यंत दम धरला आणि बसून दोन भाकरी खाल्ल्या. तेव्हापासून रोज हेच.

नाशिकहून मुलगा किरण आला तो वृद्धाश्रमाचा अर्ज भरूनच. बापाने त्याला "मागे सरका" म्हटलं, वर आई लोटा वाजवताना दिसली. त्याचं डोकंच फिरलं.

"आई, तूही वेडी झालीस. रविवारी गाडी येईल, नानांची बॅग भरून ठेव."

"येवू दे गाडी. रिकामीच जाई."

"आणि उद्या तुलाच काही झालं तर?"

"तवय देखसूत," म्हणत तिने ताट वाढलं, बेल दिली, सगळ्यांना उतरवलं. तरी जीवराम बसेना. तो तिच्याकडेच बघत होता.

"बाई, बठ्ठा उतरी ग्यात. तुम्हले कोठे उतरनं शे?"

किरणने मान खाली घातली. एकेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने कमलबाईला असं परक्यासारखं 'बाई' कधी म्हटलं नव्हतं. पण पोरासमोर डोळ्यांत पाणी आणायला ती तयार नव्हती. वाढताना आपण रोज उभ्याच असतो, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

"माले उतरनं नई," ती म्हणाली. ताटाशेजारी तिने बसकण मारली आणि लोट्यावर दोनदा चमचा वाजवला.

तेव्हा कुठे जीवराम जेवायला बसला.