सोलफ्रिडला लागलेलं पहिलं बक्षीस

सोलफ्रिडला गाडी नकोच होती. तिला रेनडिअरच्या मटणाने भरलेला फ्रीजर हवा होता.

दूर उत्तरेकडच्या, समुद्रकाठच्या स्कार्वनेस गावच्या क्रीडा मंडळाने सोडत काढली होती. पहिलं बक्षीस विजेवरची गाडी, दुसरं तो फ्रीजर. सोलफ्रिडने तिकिटं घेतली ती फ्रीजरवर डोळा ठेवूनच. प्रार्थनाघरात सगळं गाव वॅफल खात बसलेलं असताना तिचं नाव पहिल्या बक्षिसाला पुकारलं गेलं. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि तिने कपाळावर हात मारला. "अरे देवा, आता काय करू?" फ्रीजर गेला शेजारच्या हाल्वोरला.

ती तशीच उठून त्याच्याकडे गेली.

"हाल्वोर, अदलाबदल करतोस का?"

"त्या खेळण्याशी? फुकट दिलंस तरी नको."

"फुकटच देतेय रे बाबा!"

"तरी नको. मटण थंडीत टिकतं. ती गाडी टिकेल का?"

हाल्वोर जन्मभर मासेमारी केलेला माणूस. समुद्र, खारवलेला मासा आणि डिझेल या तीन गोष्टींवरच त्याची श्रद्धा. सोलफ्रिडने जन्मभर शाळेची बस हाकली होती. डोंगरावरच्या उघड्या माळावरून, बर्फाच्या वादळात पुढचं काही दिसत नसताना, नाकासमोर बघत ती पोरं पोचवायची. गावातला पन्नाशीच्या आतला प्रत्येक माणूस कधी ना कधी तिच्या बसमध्ये ओरडा खाऊनच मोठा झाला होता. पण बसला डिझेल घातलं की काम भागायचं. ही नवी गाडी तान्ह्या बाळासारखी सारखी भुकेली, आणि तिला पाजायचं कुठे, हाच प्रश्न.

पहिल्या दिवशी सोलफ्रिडने वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर काढून गाडीला लावली आणि आत येऊन बटाटे शिजत ठेवले. फट्! सगळं घर अंधारात. घरातलं वायरिंग तिच्या लग्नाच्याही आधीचं. गाडी नाहीतर बटाटे, दोन्ही मिळून नाहीत. दोन दिवस पावच खाऊन काढल्यावर ती सहकारी दुकानाकडे वळली. दुकानाबाहेर गाड्यांची इंजिनं गरम ठेवायला सॉकेट होते. तिथे सकाळी लावलेली गाडी संध्याकाळपर्यंत जेमतेम दोन घोट प्यायची, आणि दुकानदार दर तासाला काचेतून हात करून विचारायचा, "आज काय घेतेस, सोलफ्रिड?" भिडेखातर तिने इतक्या मेणबत्त्या घेतल्या की चर्चला पुरल्या असत्या.

मग ती धक्क्यावर गेली. माशांच्या पेट्या उचलणाऱ्या यंत्रासाठी तिथे दणकट सॉकेट होता. गाडी भरली खरी, पण आत कॉड माशाचा असा वास मुरला की सीगल पक्षी थेट घरापर्यंत टपावर बसून आले.

शेवटी राहिलं प्रार्थनाघर. गुरुवारी बायकांची बैठक होती. सोलफ्रिडने गुपचूप मागच्या सॉकेटला वायर लावली आणि साळसूदपणे आत येऊन बसली. तेवढ्यात कुणीतरी वॅफलची दोन यंत्रं एकदम चालू केली. फट्! अंधारात सगळ्या बायकांनी आधी कच्च्या पिठाकडे पाहिलं, मग सोलफ्रिडकडे. त्या नजरेपेक्षा बाहेरची थंडी उबदार होती.

जानेवारीत थंडीने कळस गाठला. एका सकाळी दारावर थाप पडली. हाल्वोर उभा होता, गाल सुजून टम्म, डोक्यापासून हनुवटीपर्यंत मफलर आवळलेला.

"डाट!" तो म्हणाला.

"दार? दार उघडंच आहे की. ये ना."

"डाऽऽट!" त्याने तोंडात बोट घालून दाखवलं. रेनडिअरचं मटण खाताना कटकन काहीतरी झालं होतं. माळापलीकडच्या शहरात दंतवैद्याच्या दवाखान्यातून दुपारची वेळ मिळाली होती, पण हाल्वोरच्या गाडीतलं डिझेल थिजून लोणी झालं होतं.

सोलफ्रिडने कमरेवर हात ठेवले. "म्हणजे त्या खेळण्यात बसायचं म्हणतोस?"

हाल्वोरने खाली पायातल्या बुटांकडे पाहिलं. तेवढ्याने तिचं समाधान झालं.

माळावर वारा अंगावर धावून येत होता. इतक्या उत्तरेला सूर्य नोव्हेंबरात मावळलेला, तो अजून उगवला नव्हता. भर दुपारी आभाळ शाईसारखं निळं. गाडीतली वीज फुटक्या माठातल्या पाण्यासारखी उतरत चालली तसा सोलफ्रिडने हीटर बंद केला.

"ठंडी वाजटे," हाल्वोर घोंगडीतून बोलला.

"हीटर हवा की दंतवैद्य? एकच मिळेल."

"मी म्हटलं होटं ना, ही गाडी..."

"तोंड मीट. आत वारा जातोय."

ऐन वेळेला तोरलाइफच्या शेताचा दिवा दिसला. तोरलाइफ मेंढ्या पाळायचा, आणि चारा वाळवायच्या पंख्यासाठी त्याच्याकडे थ्री-फेजची लाइन होती. सोलफ्रिडने गाडी अंगणात घातली, तर तिथे आधीच दुसरी एक विजेची गाडी वायर लावून उभी. बाजूच्या लाकडी सौनाच्या, म्हणजे वाफेच्या स्नानाच्या खोलीच्या, फटींतून वाफ निघत होती. दार उघडून तोरलाइफ बाहेर आला. अंगावर टॉवेल, डोक्यावर लोकरीची टोपी, पायात गमबूट.

"सोलफ्रिड! तूही अडकलीस? थांबावं लागेल गं. सौना आणि गाडी एकाच लाइनवर आहेत, त्यामुळे सगळंच हळूहळू चाललंय."

"मग सौना बंद कर."

तोरलाइफचा चेहरा असा झाला, जणू तिने त्याला मेंढ्या विकायला सांगितल्या. आतून कुणीतरी ओरडलं, "कोण बंद करतंय सौना?" आणि एक लालबुंद, किडकिडीत माणूस बाहेर आला. चष्म्यावर वाफ धरलेली, अंगातून धूर निघतोय.

"हे बघ," सोलफ्रिड त्याला म्हणाली, "या माणसाचा दात ठणकतोय. शहरात दंतवैद्य याची वाट बघत बसला असेल."

"नाही बसलेला."

"तुला काय माहीत?"

त्या माणसाने टॉवेलच्या टोकाने चष्मा पुसला. "मीच तो. इंग्वार. सुट्टीहून परतत होतो, गाडी इथेच मान टाकून बसली. म्हटलं भरेपर्यंत जरा घाम काढू."

सौना बंद झाला. हाल्वोरला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं. तोरलाइफने मेंढ्या बघायचा डोक्यावरचा दिवा दिला आणि गळाला पिसांचं आमिष बांधायचा बारीक चिमटा किटलीत उकळून आणला. डॉक्टर टॉवेलवरच होता, कारण त्याचे बाहेर टांगलेले कपडे वाऱ्याने उडून सौनापलीकडे बर्फात पडले होते आणि ते आणायला कुणीच तयार नव्हतं.

"आ कर," इंग्वार म्हणाला. "आणखी. हं... अरे, दात तर खणखणीत आहे! हाडाची किरच रुतलीय हिरडीत."

त्याने चिमटा घातला आणि ओढला. हाल्वोरने अशी आरोळी ठोकली की गोठ्यातल्या सगळ्या मेंढ्यांनी एका सुरात ओ दिली. मग त्याने गालावरून हात फिरवला. पहिलं स्वच्छ वाक्य बोलला ते असं: "रस्त्यात दोन खड्डे चुकवले असतेस तर एवढं ठणकलं नसतं."

"चालत ये घरी," सोलफ्रिड म्हणाली. पण हसू तिला आवरत नव्हतं. तोरलाइफने कॉफी टाकली. आधी इंग्वारची, मग तिची, अशा दोन्ही गाड्या पोटभर प्यायल्या. तोवर चौघं चुलीभोवती बसून माळावर कुणाची गाडी कुठे आणि कशी बंद पडली होती, याच्या गोष्टी सांगत राहिले. सोलफ्रिडची एकही नव्हती, हे तिने सगळ्यांना दोनदा ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी हाल्वोर पुन्हा दारात हजर. खांद्यावर मनगटाएवढ्या जाड केबलचं वेटोळं.

"माझ्या बोटशेडमध्ये थ्री-फेज आहे," तो म्हणाला. "बोट किनाऱ्यावर ओढायच्या रहाटासाठी घेतलं होतं. तिथे लाव गाडी."

सोलफ्रिडने हात लांब करून शेडकडे बोट दाखवलं. शेड तिच्या कुंपणाला लागूनच.

"मी महिनाभर गावभर वायर घेऊन हिंडतेय. सीगल घेऊन घरी आले! आणि हे तू आत्ता सांगतोस?"

"तू विचारलंस कुठे?"

तेव्हापासून गाडी त्याच्या शेडमध्ये असते. गुरुवारी सोलफ्रिड बायकांना बैठकीला नेते, शनिवारी हाल्वोरला शहरात. तो शेजारी बसून वाटभर तिचं चालवणं सुधारतो. परवा ती गाडी काढायला गेली, तर हा आधीच आत बसलेला, सीट मागे पाडून, वर्तमानपत्र वाचत.

"इथे काय करतोयस रे?"

"राखण," हाल्वोर म्हणाला आणि पान उलटलं.